ढाका, डाकार आणि सिव्हिल लाइन्स

रविवार

पांढरकवड्याहून सकाळची एसटी धरली की हिंगणघाट, जांब, बुटीबोरी करत दुपारच्या आत नागपूर येतं. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, नुकताच संपला होता, पण उन्हाला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. माझ्यासोबत आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली बारावीत जाणारी मुलं होती. डोक्याला दुपट्टे आणि शेले बांधलेले, खिशात घरच्यांनी आठवणीनं दिलेला कांदा, आणि प्रत्येकाच्या बॅगेत एक जाडजूड वही.

मी राज्यशास्त्र शिकवते. संयुक्त राष्ट्रांची अंगं, अलिप्ततावाद, भारताचे शेजारी हे सगळं आमच्या अभ्यासक्रमात आहे. मुलं ते पाठ करतात, गुणही चांगले मिळवतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. म्हणून अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय घडामोडींचं निवासी शिबिर नागपुरात होतंय आणि सोबतच्या शिक्षकांनाही मागे बसून सगळं ऐकता येतं, हे कळल्याबरोबर मी नावं पाठवली. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या शाळांमध्ये असले उपक्रम वर्षानुवर्षं चालत आलेत. आमच्या मुलांच्या वाट्याला ते येत नाहीत, आणि ही गोष्ट मला फार लागते.

उतरण्याची सोय सिव्हिल लाइन्समधल्या एका वसतिगृहात होती. जुनी इमारत, उंच छत, खिडकीत खसाचे कूलर. मोर्शी, गोंदिया, वणी, काटोल, आर्वी, आणि अर्थात नागपूर शहर, सगळीकडची मुलं जमली होती. शहरातली मुलं पहिल्यापासून मोकळी, गावाकडची भिंतीला टेकून. जेवणात वडाभात होता. वरून फोडणीचं तेल ओतताना वाढणाऱ्या मावशींनी "घे ना बाप्पा, लाजतं कायले" असं म्हटलं, तशी भिंतीला टेकलेली मुलंही सैल झाली.

सोमवार

शिबिर चालवणारे गृहस्थ परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेले. इथे त्यांना सर म्हणते. फळ्यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही. पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या घरात परदेशातून ठरणारी एक गोष्ट सांगा."

शहरातल्या मुलांकडून मोबाइल, पेट्रोल, चुलतभावाचा व्हिसा अशी उत्तरं आली. आमची मुलं गप्प. मग वणीचा एक मुलगा उठला. "सर, बाहेरची तूर आली का आमचा भाव पडते, असं बाबा म्हणते. पण बाहेरची म्हणजे कुठली, ते मले माहीत नाही."

त्या एका वाक्यावर सर तासभर बोलले. तूर म्यानमारमधून येते, आणि आफ्रिकेच्या पूर्व भागातल्या मोझांबिक, टांझानिया, मलावी या देशांमधूनही येते. 2016 साली भारताने मोझांबिकशी डाळ खरेदीचा सरकारी पातळीवर करार केला, तो इथे डाळ महागल्यामुळे. म्हणजे शहरातल्या गृहिणीची डाळ स्वस्त व्हावी म्हणून झालेला करार वणीच्या बाजार समितीत येऊन पोहोचतो, आणि तिकडे मोझांबिकचा लहान शेतकरी भारत घेईल या भरवशावर तूर पेरतो. त्याने स्वतः ती फारशी खाल्लेलीही नसते. मुलाने विचारलं, "मग त्याचा भाव पडला का तो कोणाले शिव्या देते?" सर म्हणाले, "दिल्लीला. तुमचे बाबा देतात तशाच."

त्यानंतर उत्तरांची रीघ लागली. सगळ्यात चांगलं उत्तर माझ्याच विद्यार्थिनीचं होतं, लाल पोटॅश या खताचं. भारतात पोटॅश जवळपास निघतच नाही. ते कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल इथून येतं. बेलारूसला समुद्र नाही, त्याचा माल लिथुआनियाच्या बंदरातून जायचा. फेब्रुवारी 2022 मध्ये लिथुआनियाने ती वाट बंद केली, त्याच महिन्यात रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि आमच्याकडे कृषी केंद्रावर पोत्याचा भाव कसा चढला हे तिला पाठ होतं, कारण हिशेबाची वही तीच लिहिते. युद्धाची तारीख तिला माहीत नव्हती, पोत्याचा भाव माहीत होता. सरांनी दोन्ही एका ओळीत लिहायला लावलं.

संध्याकाळी चिठ्ठ्या काढून देश वाटले. शुक्रवारच्या वाटाघाटीत ज्याने त्याने आपापल्या देशाच्या बाजूने बोलायचं. मोर्शीच्या मुलीच्या चिठ्ठीवर बांगलादेश निघाला. तिच्या घरची संत्र्याची बाग. ती चिठ्ठी टेबलावर ठेवून म्हणाली, "मी हे घेत नाही. यायनंच तर आमचा माल बुडवला." सरांनी आग्रह केला नाही. "फाईल वाचायला ने. शुक्रवारी नाही म्हणालीस तरी चालेल."

मंगळवार

ऊन चढायच्या आत शहर. झीरो माइलचे चार घोडे आणि दगडी खांब मुलांनी फोटोंत पाहिले होते. खांबावर हैदराबाद, चांदा अशी गावं आणि मैलांचे आकडे कोरलेले दिसल्यावर आपलं गाव त्यात आहे का, हे शोधण्यात वेळ गेला.

दीक्षाभूमीला मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. 14 ऑक्टोबर 1956 ही तारीख तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होती. सरांनी तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडली. बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातले. दीक्षेनंतर महिनाभरातच, नोव्हेंबरमध्ये, बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत बोलत होते. प्रकृती खालावलेली होती आणि 6 डिसेंबरला ते गेले. हातात इतके थोडे दिवस असताना त्यांनी सीमेपलीकडचा प्रवास निवडला. आर्वीचा एक मुलगा लहानपणापासून दरवर्षी आजीसोबत इथे येतो. तो म्हणाला, "मला वाटायचं ही आपली नागपूरची गोष्ट आहे." आणि स्तूपाच्या घुमटाखाली तो एकटाच बराच वेळ फिरत राहिला. मला तो प्रसंग मोठा वाटला. आपल्या अंगणातल्या गोष्टीचा व्याप किती आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

दुपारी कूलरसमोर पाण्याचा वर्ग. नागपूरच्या नळाला पाणी कुठून येतं? पेंचमधून. पेंच कुठून येते? मध्य प्रदेशातून. तिकडे छिंदवाडा जिल्ह्यात वरच्या अंगाला चौराई धरण झालं आणि खाली तोतलाडोह धरणात येणारं पाणी घटलं, हे शहरातल्या मुलांनी घरी ऐकलेलं होतं. वरच्याचा हक्क काय, खालच्याचा काय, यावर तिथल्या तिथे दोन गट पडले. ते भांडण चांगलं तापल्यावर सरांनी सिंधू पाणी करार समोर ठेवला. 19 सप्टेंबर 1960, कराची, नेहरू आणि अयुब खान, मध्यस्थ जागतिक बँक. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे. 1965, 1971 आणि 1999 ची युद्धं त्या कराराने पाहिली, आणि एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित ठेवला. चौराईवर वरच्या अंगाच्या राज्याला दोष देणारा मुलगा सिंधूवर वरच्या अंगाच्या देशाच्या बाजूने बोलू लागला, तेव्हा सरांनी त्याला थांबवलं नाही. फक्त दोन्ही ठिकाणी आपलं तत्त्व काय, ते लिहून आणायला सांगितलं. रात्री तो वही घेऊन पायरीवर बसलेला दिसला. दुसऱ्या दिवशी त्याने आणलेलं उत्तर नीट विचार केलेलं होतं. धरणाच्या पाण्याला जो नियम लागतो तो शांततेच्या काळातला, आणि दहशतवादाचं उत्तर पाण्याने द्यायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे, असं त्याने लिहिलं होतं. यावर दोन्ही बाजूंनी मतं पडली आणि तो वाद मिटला नाही.

बुधवार

परवानगी काढून अजनीचा कंटेनर डेपो पाहिला. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी हे बंदरच. इथे कस्टम्सचं काम उरकून पेटी मोहोरबंद होते आणि रेल्वेने थेट मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला जाते. पेट्यांचे पत्रे इतके तापले होते की हात लावला तर चटका बसत होता.

एका कंटेनरच्या दाराशी आम्ही अर्धा तास होतो. दारावर चार अक्षरं आणि सात आकडे. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं यू म्हणजे मालवाहू कंटेनर, शेवटचा आकडा बाकीचे बरोबर आहेत की नाहीत हे तपासायचा. खाली वजनाची पाटी, मालासकट जास्तीत जास्त 30,480 किलो. कडीत खिळ्यासारखी जाड मोहोर, तिच्यावर नंबर. ती तोडल्याशिवाय दार उघडत नाही आणि तोडलेली पुन्हा बसत नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, "ही पेटी जगाच्या कुठल्याही बंदरात गेली तरी तिथला माणूस हा नंबर असाच वाचतो." एकमेकांशी न पटणारे देशही या एका पद्धतीवर राजी आहेत. काटोलच्या मुलीने तो नंबर वहीत उतरवून घेतला आणि शेवटचा आकडा गणिताने बरोबर येतो का, ते बसमध्ये बसून काढलं.

युरोपला जाणाऱ्या मालाची गोष्टही तिथेच निघाली. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर अनेक कंपन्यांनी सुएझची वाट सोडली आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडं चढलं, रिकाम्या पेट्या वेळेवर परत येईनात. येमेनच्या डोंगरातून सुटलेल्या क्षेपणास्त्राची झळ विदर्भातल्या सूतगिरणीपर्यंत कोणत्या वाटेने येते, हे मी वर्गात नकाशावर शिकवलं असतं तर मुलांनी खाली लिहून घेतलं असतं. इथे त्यांनी प्रश्न विचारले.

गुरुवार

सेवाग्राम. सगळ्यांना वाटलं ही सहल आहे. आदी निवास, बा कुटी, बापू कुटी पाहून झाल्यावर दफ्तराच्या खोलीत सर टेलिफोनपाशी थांबले. व्हाइसरॉय लिनलिथगोंना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून सरकारने बसवलेला हा फोन. शेजारीच साप न मारता पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. राज्य उलथवायला निघालेल्या माणसाच्या झोपडीत त्याच राज्याने स्वतःच्या गरजेपोटी तार ओढून आणली होती.

मग झाडाखाली बसून तीन गोष्टी झाल्या. 23 जुलै 1939 ला गांधीजींनी हिटलरला पत्र लिहिलं, त्यावर पत्ता वर्ध्याचा आहे. युद्ध टाळू शकणारा माणूस तुम्हीच आहात, असं सांगणारं छोटंसं पत्र. सरकारने ते पुढे जाऊ दिलं नाही. दुसरी गोष्ट जुलै 1942 ची. क्रिप्स योजना फसल्यावर काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी निघून जावं हा ठराव आधी वर्ध्याला केला, मुंबईचं अधिवेशन त्यानंतरचं. तिसरी गोष्ट मला नवी होती. 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस महाराष्ट्राला माहीत आहेत. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या जखमांवर मलमपट्टी करायला माणसं पाठवली आणि त्यात नागपूरचा माणूस होता, हे नागपूरच्या एकाही मुलाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि आता ते माझ्या शिकवण्यात कायमचं राहील.

हिटलरच्या पत्रावर मात्र मुलं अडून बसली. पोहोचलंच नाही तर उपयोग काय? आणि पोहोचलं असतं तरी त्याने ऐकलं असतं का? सरांचं म्हणणं होतं की मुत्सद्देगिरीत बोललेलं न बोललेलं याची नोंद राहते आणि ती पुढच्यांच्या कामी येते. माझ्या मते मुलांची शंकाही रास्त होती. काही माणसांपुढे शब्द तोकडे पडतात, हे सतराव्या वर्षी कळलेलं बरं. परतीच्या बसमध्ये हाच विषय बुटीबोरीपर्यंत चालला.

शुक्रवार

या दिवसासाठी सगळा आठवडा होता.

नियम एकच होता आणि तो कडक होता. बोलायला उभं राहण्याआधी समोरच्या देशाची बाजू आपल्या शब्दांत मांडायची, आणि समोरच्याने "हो, आमचं म्हणणं हेच आहे" असं मान्य केल्याशिवाय स्वतःची बाजू सुरू करायची नाही.

आधी तांदूळ. भारत जगातल्या तांदूळ व्यापाराचा साधारण 40 टक्के वाटा उचलतो. सप्टेंबर 2022 मध्ये तुकडा तांदळाची निर्यात भारताने बंद केली. कोंबडीखाद्य आणि इथेनॉलसाठी तो देशात हवा होता, भाव चढले होते. जुलै 2023 मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळावरही बंदी आली, ती सप्टेंबर 2024 पर्यंत टिकली. गोंदियाच्या मुलाच्या वाट्याला पश्चिम आफ्रिकेतला सेनेगल होता, राजधानी डाकार. घरी भातशेती, मामाकडे राइस मिल. तो उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या इथं कनकी कोंबड्यांले टाकते. डाकारमधे लोकं मुद्दाम तीच घेते. तुकड्याचा भात अन् मासे, हे त्यायचं सणाचं अन् रोजचं जेवण, युनेस्कोनं 2021 मधे त्याले मान देला. आता तुम्ही आमचं ताट उचलून कोंबडीपुढं ठेवलं, असं आमच्या बाईले वाटते." सभागृह शांत झालं. भारताच्या बाजूची मुलगी नागपूरची, बोलण्यात फर्डी. आधी आपल्या लोकांचं पोट भरणं हे कुठल्याही सरकारचं पहिलं काम, हा तिचा मुद्दा पक्का होता. पण त्याआधी सेनेगलची बाजू स्वतः मांडताना तिचा आवाज थोडा खाली आला होता.

मग संत्री. चिठ्ठी नाकारलेली मुलगी फाईल घेऊन उभी राहिली. तिने भारताची बाजू मांडली तेव्हा कागदाकडे पाहिलंही नाही, पाहायची गरजच नव्हती. नागपुरी संत्र्याची साल सुटी आणि पातळ, लांबच्या जहाजप्रवासात ते टिकत नाही. ट्रकने पेट्रापोल-बेनापोलच्या सीमानाक्यावरून बांगलादेश हीच जवळची बाजारपेठ. 2019 मध्ये किलोमागे 20 रुपये असलेलं आयात शुल्क 2023 पर्यंत 88 रुपयांवर गेलं आणि निर्यात कोसळली, माल इथेच पडून भाव आणखी खाली आले. "हो, आमचं म्हणणं हेच आहे," समोरचा मुलगा म्हणाला.

मग ती बांगलादेश झाली. 2022 मध्ये आमच्याकडे डॉलरची चणचण होती. मे महिन्यात आम्ही फळं, फुलं, फर्निचर, सौंदर्यप्रसाधनं अशा शंभरावर वस्तूंवरचं शुल्क वाढवलं, एकट्या संत्र्यावर डोळा नव्हता. जानेवारी 2023 मध्ये आम्हाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 4.7 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करून घ्यावं लागलं. तेल आणायचं, गहू आणायचा, की फळ? आणि तिने शेवटचा मुद्दा राखून ठेवला होता. "सप्टेंबर 2019 मध्ये तुम्ही एका दिवसात कांदा बंद केला. आमच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन सांगून गेल्या, की स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय, निदान आधी कळवत जा. तुमचा कांदा अचानक थांबतो तेव्हा तो अंतर्गत प्रश्न, आणि आमचं शुल्क वाढलं की तो अन्याय?"

मोर्शीच्या बागेत वाढलेल्या मुलीच्या तोंडून हे आलं. मी मागच्या बाकावर उभी राहिले होते, कधी उठले ते कळलं नाही.

पुढे दोन तास वाटाघाट चालली. पन्हं आलं, संपलं. कागदावर जो मसुदा उतरला तो असा: संत्र्याचा आंबिया बहार निघतो त्या महिन्यांपुरतं शुल्क कमी, ठरावीक प्रमाणापर्यंत, बदल्यात कांद्यावर बंदी घालण्याआधी भारताने दोन महिने आगाऊ सूचना द्यायची. सर म्हणाले, खऱ्या जगात संत्र्याचं कलम सोपं आणि कांद्याचं अवघड जाईल, कारण निवडणुकीच्या आधी कोणतंही सरकार हात बांधून घेत नाही. मला मात्र कांद्याचंच कलम जास्त मोलाचं वाटलं. आधी सांगणं याला पैसे लागत नाहीत, आणि शेजाऱ्यांमध्ये विश्वास तुटतो तो बहुतेक वेळा न सांगितल्यानेच.

शनिवार

सकाळी सुरक्षा परिषदेचं रूप. पंधरा खुर्च्या, पाच कायमच्या. ठराव मंजूर व्हायला नऊ मतं लागतात, पण पाचांपैकी एकाचा नकार पुरेसा. मुलांनी खपून ठराव लिहिला, बाजूने चौदा हात वर झाले, पाचांपैकी एकाचा हात विरोधात वर गेला, ठराव पडला. पुस्तकात नकाराधिकार दोन ओळींत संपतो. इथे काटोलच्या मुलीला रडू आवरलं नाही, कारण मसुदा तिचा होता. सरांनी तिला जवळ बसवून महासभेचा मार्ग सांगितला, 1950 पासूनचा, जिथे नकाराधिकार चालत नाही पण ठराव बंधनकारकही नसतो. तिने लगेच दुसरा मसुदा लिहायला सुरुवात केली.

जुलैमध्ये आमच्या वर्गात पेंच आणि चौराईची वाटाघाट घ्यायची, हे मी तिथेच ठरवलं. समोरच्याची बाजू आधी मांडायचा नियम तसाच ठेवणार. त्याला ना प्रोजेक्टर लागतो ना फी.

दुपारी पालक न्यायला आले. मोर्शीच्या मुलीचे वडील एसटीने आले होते. प्रमाणपत्र पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शिकली काय तू इथं?"

"मी बांगलादेशकडून बोलली, बाबा."

वडिलांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मंग? शुल्क कमी होते का नाही?"

"त्यायचं वर्ष जुलैपासून सुरू होते, बजेट जूनमधेच असते," ती म्हणाली. "फळावरचं कलम मी पायते. आंबिया तोडाच्या आधी तुमाले सांगते, मंग व्यापाऱ्यासंग बोला."

"लिहून ठेव," वडील म्हणाले, आणि दोघं मोर्शीची गाडी विचारायला निघाले.